कोरं पाकीट आणि सुटी सिगारेट

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "सिगारेटचं पाकीट कोरं केलं तर लोक ओढायचं सोडतील का हो?"

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून हे करून बघितलं. ब्रँडचा रंग नाही, लोगो नाही. सगळी पाकिटं एकाच मळकट रंगाची, वर मोठं इशाऱ्याचं चित्र. आपल्याकडे पाकीट कोरं नाही, पण २००९ पासून चित्र आलं आणि एप्रिल २०१६ पासून ते ८५ टक्के जागेवर असतं. २०१६-१७ च्या देशभराच्या तंबाखू पाहणीत सिगारेट ओढणाऱ्या शंभरातल्या सुमारे ६२ जणांनी सांगितलं, की इशारा बघून सोडायचा विचार आला. विचार आला, हां. सोडली असं नाही.

आता माझं सांगतो. मी नांदेडचा, शिकायला लातूरला. क्लास सुटला की टपरी. चार वर्षं ओढली, पण पाकीट एकदाही विकत घेतलं नाही. टपरीवाले मामा एक काढून द्यायचे. चित्र त्यांच्याकडे, धूर माझ्याकडे! मग पाकीट कसंही असो, मला काय फरक?

घरी अण्णांचं तसंच. तंबाखू स्टीलच्या डबीत. पुडी आणली की डबीत रिकामी, चित्र उकिरड्यावर. एकदा त्यांच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा दिसला. डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी धड जेवलं नाही. रिपोर्ट चांगला आला. अण्णा एवढंच म्हणाले, "मी सोडतो, तू बी सोड." त्यांनी सोडली. मी दोनदा घसरलो, तिसऱ्यांदा जमलं.

त्याच पाहणीत महाराष्ट्रात शंभरात सुमारे २४ प्रौढ बिनधुराची तंबाखू घेणारे, आणि ओढणारे जेमतेम ४. म्हणजे आपलं खरं दुखणं डबीत आहे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी घातली. ती बंदी टपरीपर्यंत पोचली का, तुम्हीच बघा.

माझं मत विचाराल तर कोरं पाकीट चांगलंच, नव्या पोरांना त्यातली ऐट दिसणार नाही. पण आधी पाकीट हातात तर पडू द्या! त्यावर तंबाखू सोडायला मदत करणारा फुकट नंबर असतो. सुटी घेणाऱ्याला तो दिसतच नाही, म्हणून मीच सांगतो. लिहून घ्या: १८००-११-२३५६. घरातल्या डबीवर चिकटवा.

भेटू पुढच्या भागात.