दर्याचा धनी कोण?



२ जुलै १९९२ या दिवशी कॅनडाचे तत्कालीन मत्स्यव्यवसायमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी न्यूफाउंडलंड प्रांतात एक घोषणा केली. कॉड माशाची मासेमारी बंद! सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार एका दिवसात गेला. बंदी दोन वर्षांपुरती असल्याचे सांगण्यात आले होते. ती उठली जून २०२४ मध्ये, बत्तीस वर्षांनी, आणि तेव्हाही अवघ्या १८ हजार टनांची मर्यादा घालून. १९६८ साली याच समुद्रातून सुमारे आठ लाख टन कॉड काढला गेला होता. १४९७ मध्ये जॉन कॅबटचे जहाज तेथे पोहोचले, तेव्हा दगड बांधलेल्या टोपल्या पाण्यात सोडल्या तरी त्या माशांनी भरून येत, असे वर्णन युरोपात पोहोचले होते. पाचशे वर्षे पुरलेला हा ठेवा एका पिढीत संपला.

हे कोणी केले? प्रारंभी दोष परकीय ट्रॉलर्सकडे जातो, आणि तो रास्तही आहे. परंतु १९७७ मध्ये कॅनडाने दोनशे सागरी मैलांची हद्द जाहीर केली आणि परकीयांना बाहेर काढले. परकीय गेले, की संकट गेले, असा सार्वत्रिक समज झाला. शासनाने स्वदेशी बोटींना आणि मासळी प्रक्रिया कारखान्यांना हात सैल सोडून मदत केली. शास्त्रज्ञांनी साठ्याचे जे अंदाज बांधले, तेही वास्तवाहून मोठे निघाले. पंधरा वर्षांत उरलेसुरले काम कॅनडाच्याच जाळ्यांनी पूर्ण केले. जाळे ओढणारा हात स्वकीयाचा आहे की परक्याचा, हे माशाला कळत नाही.

याची मीमांसा एका कॅनेडियन अर्थतज्ज्ञाने चार दशके आधीच करून ठेवली होती. स्कॉट गॉर्डन यांचा लेख १९५४ सालचा. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. शेतकरी उभे पीक कापण्याची घाई करीत नाही. कारण उद्याही ते पीक त्याचेच असते. मच्छीमाराने आज सोडलेला मासा मात्र उद्या शेजारच्या बोटीत जातो. म्हणून समुद्रात शिल्लक ठेवलेल्या माशाची किंमत त्याच्या लेखी शून्य! धंद्यात नफा दिसला, की नव्या बोटी येतात. नफा संपेपर्यंत येतच राहतात. अखेरीस बोटी दुप्पट, डिझेल दुप्पट, आणि मासळी मात्र पूर्वीपेक्षा कमी. यात कोणी लोभी असण्याची गरज नाही. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणपणानेच वागत असतो. जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांनी २००९ मध्ये या अव्यवस्थेची जागतिक किंमत काढली, ती वर्षाला सुमारे पन्नास अब्ज डॉलर्स इतकी भरली.

मग मासेमारीचे दिवस कमी केले तर? हा उपाय अलास्काने करून पाहिला. तेथील हॅलिबट माशाचा हंगाम साठा वाचविण्यासाठी आखडत गेला आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी वर्षातून चोवीस-चोवीस तासांच्या दोन-तीन पाळ्यांवर येऊन ठेपला. परिणाम काय झाला? लोकांनी अधिक बोटी आणि अधिक गळ घेतले, आणि ठरल्या क्षणी हजारो जण एकदम समुद्रात घुसले. वादळ असले तरी जाणे भाग. कारण तो दिवस चुकला तर वर्ष चुकले! अपघात होत, माणसे बुडत. दोन दिवसांत आलेला वर्षभराचा माल बाजार कसा पचविणार? बहुतेक मासळी गोठवली जाई आणि भाव पडे.

१९९५ पासून तेथे पद्धत बदलली. एकूण किती मासळी काढायची, हे आधी ठरते आणि त्यातील ठराविक वाटा प्रत्येक हक्कदाराला मिळतो. तो वाटा त्याने हवा तेव्हा आणावा. हंगाम चोवीस तासांवरून सुमारे आठ महिन्यांवर गेला. समुद्र तोच, मासा तोच. पण ताजी मासळी वर्षातील बहुतेक काळ बाजारात येऊ लागली आणि तिला चांगला भाव मिळू लागला. केवळ हक्क निश्चित झाला आणि शर्यत संपली.

या यशाला दुसरी बाजूही आहे आणि ती आइसलंडमध्ये दिसते. तेथे १९८४ पासून बोटनिहाय वाटे ठरले आणि १९९० च्या कायद्याने त्यांची खरेदी-विक्री खुली झाली. धंदा किफायतशीर झाला, यात शंका नाही. परंतु हक्क विकता येऊ लागताच ते मोठ्या कंपन्यांकडे सरकले. कित्येक लहान गावांतील मालकांनी वाटा विकला, बोट गेली आणि बंदर सुने झाले. राष्ट्राची संपत्ती मोजक्या घराण्यांना फुकट कशी दिली, हा वाद तेथे आजही धुमसतो आहे. २००४ पासून शासन मासेमारीवर शुल्क घेते, तरी तो शमलेला नाही.

आता कोकणाकडे वळू. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी असते. कोळी समाज नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून मगच होड्या लोटत असे, तेव्हा ही मर्यादा परंपरेनेच पाळली जात होती. पण बंदी उठली, की काय होते? अलास्कात झाले तेच, फक्त संथपणे! पहिल्याच फेऱ्यांत हाताच्या पंजाएवढे पापलेट टोपल्यांतून उतरते. वस्तुतः पापलेटचा भाव वजनावर ठरतो. मोठ्या पापलेटचा किलोमागील दर लहानाच्या कितीतरी पट असतो. आणखी काही महिने थांबणे ही व्याजाची ठेव आहे. परंतु ठेव कोणाच्या नावावर? सातपाटीचा नाखवा थांबला, तर दुसऱ्या बंदराचा ट्रॉलर थांबेल याची हमी कोण देणार?

शासनाने नियम केले नाहीत असे नव्हे. फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले. २०२३ मध्ये ५४ प्रजातींचे किमान आकारमान ठरले. चंदेरी पापलेटसाठी ते साडेतेरा सेंटिमीटर आहे. मात्र हे सारे नियम कसे मारावे आणि किती लहान मारू नये, एवढेच सांगतात. एकूण किती आणि कोणी, हा प्रश्न शिल्लकच राहतो. दुसरीकडे डिझेलवरील कराचा परतावा मिळतो. लहान मच्छीमाराला तो आधार आहेच. पण जो अधिक डिझेल जाळतो त्याला अधिक मिळतो, हेही नाकारता येत नाही.

कंपनीच्या हाती हक्क दिला तर आइसलंड, कोणाच्याच हाती नसला तर न्यूफाउंडलंड. या दोहोंमध्ये तिसरी वाट आहे. गावाने स्वतः नियम करून सामायिक संपत्ती राखल्याची उदाहरणे जगभरातून गोळा करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सिंधुदुर्गातील रापणीला मात्र हे नवे नाही. दोर ओढायला अवघी वाडी येते आणि मासळीचे वाटे ठरलेल्या रीतीने पडतात. ट्रॉलर आणि पर्ससीन आले आणि रापणीपर्यंत पोहोचणारी मासळीच आटली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियम अधिसूचित केले. परकीय जहाजांना मज्जाव, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणि खोल समुद्रात मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना अग्रक्रम, ही त्यातील ठळक कलमे. वीस लाख चौरस किलोमीटरांहून मोठ्या या क्षेत्राचा हक्क सहकारी संस्थेला मिळणे ही दिशा योग्यच आहे. परंतु खोल समुद्रात जाणारी बोट कोट्यवधींची असते. संस्थेच्या नावावर भांडवलदाराची बोट उभी राहणार नाही, हे तपासणार कोण? आणि संस्थेने तिचा वाटा विकायचा ठरविला तर त्याला गावाची संमती लागेल का? त्याचे उत्तर किनाऱ्यावरील प्रत्येक संस्थेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत मागावे लागेल.