फळा सर्वांचा, पडदा ज्याचा त्याचा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत ऑनलाइन शिक्षण आणावे की आणू नये, असा प्रश्न आज माझ्यापुढे ठेवण्यात आला आहे. प्रश्न असा मांडला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, यंत्र आले म्हणजे प्रगती आली; दुसरा म्हणतो, यंत्र आले म्हणजे शिक्षक गेला. मला हे दोन्ही पवित्रे मान्य नाहीत. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न आहे.

शाळेतला फळा पाहा. त्याच्यासमोर बसण्यासाठी कोणत्याही मुलाला तो विकत घ्यावा लागत नाही. शेतमजुराच्या मुलीला आणि बागायतदाराच्या मुलाला तो सारखाच दिसतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, फळ्याची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली आणि ही समता पाहता पाहता संपली. पडदा ज्याचा त्याने आणायचा होता. सक्तीच्या मोफत शिक्षणात पावती न फाडता फी वसूल झाली ती अशी.

हे घडेल याची कल्पना राज्यकर्त्यांना नव्हती, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीने २०१७-१८ सालीच दाखवून दिले होते की, देशातील अवघ्या १०.७ टक्के कुटुंबांकडे संगणक आहे आणि २३.८ टक्के कुटुंबांना इंटरनेटची सोय आहे. ग्रामीण भागात हेच आकडे अनुक्रमे ४.४ आणि १४.९ टक्के होते. पुढे स्मार्टफोन झपाट्याने वाढले हे खरे. ‘असर’च्या २०२० च्या पाहणीत ग्रामीण शाळकरी मुलांच्या ६१.८ टक्के घरांत तो आढळला. परंतु घरात फोन असणे वेगळे आणि मुलीच्या हातात फोन असणे वेगळे. फोन सकाळी बापाबरोबर कामावर जातो. संध्याकाळी परततो तेव्हा भावंडे तीन असतात आणि पहिला मान मुलग्याला मिळतो.

परिणाम काय झाला? ग्रामीण भारतात तिसरीतील जी मुले दुसरीचा उतारा वाचू शकत, त्यांचे प्रमाण ‘असर’नुसार २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आले. मूळचा आकडाही लाजिरवाणाच होता. या घसरणीचा सारा दोष पडद्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. परंतु पडद्याने शाळेची उणीव भरून काढली, हा दावाही या आकड्यांपुढे टिकत नाही. पहिलीच्या मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावे लागते. शिवाय शाळा म्हणजे केवळ पाठ नव्हे. शिजवलेले अन्न शाळेत मिळाले पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये दिला, तो गरिबांच्या मुलांची भूक ओळखूनच. पडद्यावर खिचडी शिजत नाही.

मग यंत्र नाकारायचे काय? मुळीच नाही. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ या उपग्रह-दूरदर्शन प्रयोगातून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचले आणि त्यांत शाळकरी मुलांसाठी खास पाठ होते. तो संच गावाचा होता, एका घराचा नव्हता. २०२० मध्ये केरळने दूरचित्रवाणीवरून पाठ सुरू केले आणि ज्या घरांत संच नव्हते तेथील मुलांसाठी ग्रंथालयांसारख्या जागी सोय केली. आपल्याकडेही सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागली. काही गावांत शिक्षकांनी पारावर वर्ग भरवले. यंत्र सार्वजनिक केले की तेही फळ्यासारखे सर्वांचे होते.

खरा धोका पुढे आहे. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याची हालचाल राज्यात झाली. अशा शाळा चौदा हजारांहून अधिक होत्या. उद्या पाड्यावरची शाळा बंद करताना, ‘मुलांना टॅब देतो, शाळा कशाला हवी?’ असे सांगितले गेले तर आपण काय उत्तर देणार? शिक्षण हक्क कायद्याने जवळच्या शाळेचे वचन दिले आहे. प्राथमिक शाळेसाठी राज्याच्या नियमांत हे अंतर एक किलोमीटर आहे. टॅब हा त्या वचनाचा मोबदला होऊ शकत नाही.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी रोकडा सवाल केला होता: रयतेच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर का खर्च होतो? ऑनलाइन शिक्षणाच्या प्रत्येक योजनेला आपण हाच सवाल विचारला पाहिजे.

म्हणून माझी आपणास विनंती आहे की, घरी परतल्यावर आपल्या गावच्या शाळेत जा आणि तीन गोष्टी विचारा. संच शाळेच्या मालकीचे आहेत काय? विजेचे आणि इंटरनेटचे बिल कोण भरते? शिक्षकाच्या किती जागा रिकाम्या आहेत? उत्तरे लिहून घ्या आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. पडदा शिक्षकाच्या हाती असेल तर त्याचे स्वागत करू; शिक्षकाच्या खुर्चीत बसवला जाणार असेल, तर तो तेथून उठवणे हे आपले काम आहे.