परवानामुक्त संरक्षण-व्यापार : सवलत कोणाला, जबाबदारी कोणाची?



सन 2017 च्या जुलै महिन्यात वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके उठले. गोवा, बेळगाव, कोल्हापूर या मुलखात मालमोटारींच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या बदलाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. तथापि नाका गेला म्हणून कागद गेला असे झाले नाही. 1 एप्रिल 2018 पासून 50,000 रुपयांवरील आंतरराज्य मालाचे ई-वे बिल व्यापाऱ्यानेच तयार करावयाचे ठरले. आणि मद्य त्या करव्यवस्थेबाहेर राहिल्यामुळे अबकारी खात्याची तपासणी जागच्या जागी राहिली.

अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया या तीन मित्रराष्ट्रांनी 1 सप्टेंबर 2024 पासून आपसांतील संरक्षण-सामग्रीच्या व्यापारात जो बदल केला, तो पुष्कळसा याच जातीचा आहे. वृत्तपत्रांतून ‘परवाने रद्द’ एवढेच वाचून जे स्वस्थ बसले, त्यांचा मात्र गैरसमज होण्याचा संभव आहे.

मुळात हे नियंत्रण किती कडक होते ते पाहू. अमेरिकेत 1976 च्या शस्त्र निर्यात नियंत्रण कायद्याखाली जे विनियम आहेत त्यांना ‘आयटार’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. युद्धसामग्रीची 21 वर्गांची सूची त्यात असून, सूचीतील वस्तू परदेशी धाडावयाची तर त्या देशाच्या परराष्ट्र खात्याचा परवाना लागतो. वस्तू म्हणजे केवळ तोफा आणि दारूगोळा नव्हे. एखाद्या भागाचे ड्रॉइंग ई-मेलने पाठविणे हीदेखील निर्यातच होय. इतकेच काय, अमेरिकेतल्याच कारखान्यात शेजारच्या टेबलावर बसलेल्या परदेशी नागरिकास ते ड्रॉइंग दाखविले तरी कायद्याच्या दृष्टीने ती निर्यात ठरते. शिवाय या नियंत्रणाची दोरी फार लांब आहे. ऑस्ट्रेलियातील कारखान्याने आपल्या यंत्रात अमेरिकी बनावटीचा एक लहानसा नियंत्रित भाग बसविला आणि ते यंत्र तिसऱ्या देशास विकावयाचे ठरविले, तर पुन्हा वॉशिंग्टनची संमती मागावी लागे. यंत्र आपले, कारागीर आपले, आणि विकण्याची परवानगी मात्र परक्याची, ही तक्रार तेथील उद्योजक वर्षानुवर्षे करीत आले.

सवलतीचे प्रयत्न पूर्वीही झाले होते. शेजारच्या कॅनडास फार दिवसांपासून सूट होती. ती 1999 साली अमेरिकेने बरीचशी काढून घेतली आणि वाटाघाटींनंतर 2001 मध्ये सुधारून परत दिली. दिलेली सवलत काढूनही घेता येते, हे त्यावरून दिसले. ब्रिटन व ऑस्ट्रेलियाशी 2007 साली संरक्षण-व्यापार सहकार्याचे दोन करार झाले. ते अनुक्रमे 2012 व 2013 मध्ये अमलात आले, पण व्यवहारात त्यांचा उपयोग अगदी थोडा झाला. वगळलेल्या वस्तूंची यादी लांबलचक आणि मान्यताप्राप्त मंडळात दाखल होण्याच्या अटी जाचक. तेव्हा कंपन्यांनी जुना परवानाच बरा मानला. आडवाटेपेक्षा हमरस्ता लांबचा असला तरी गाडीवान हमरस्त्यानेच जातो, त्यातलाच हा प्रकार.

सप्टेंबर 2021 मध्ये ‘ऑकस’ ही त्रिराष्ट्रीय भागीदारी जाहीर झाली आणि प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या ऑस्ट्रेलियास मिळवून देणे हा तिचा एक भाग. सागरतळाशी चालणारी स्वयंचलित साधने, क्वांटम तंत्र, अतिवेगवान क्षेपणास्त्रे यांवर एकत्र संशोधन करणे हा दुसरा. तिन्ही देशांचे अभियंते एका आराखड्यावर बसणार आणि प्रत्येक कागदासाठी परवान्याची वाट पाहणार, हे जमण्यासारखे नव्हते. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने कायद्यात तरतूद केली. परंतु समोरच्या दोन्ही देशांची नियंत्रणे अमेरिकेच्या तोलामोलाची असली पाहिजेत, अशी अट घातली. ऑस्ट्रेलियाने 2024 साली आपला कायदा सुधारला, ब्रिटननेही खुला सर्वसाधारण परवाना काढला, आणि 20 ऑगस्ट 2024 रोजी अमेरिकेचा नवा नियम प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियन सरकारच्या अंदाजाप्रमाणे त्या देशाकडून दिले जाणारे सुमारे 900 परवाने यामुळे अनावश्यक ठरले. त्या मालाची वार्षिक किंमत 5 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर होते. अमेरिकेकडून तेथे येणाऱ्या आयटारखालील मालापैकी 70 टक्क्यांहून अधिक माल परवान्यावाचून येऊ शकेल, असेही त्या सरकारने सांगितले.

आता कारकुनाच्या टेबलावर काय बदलले? पूर्वी अर्ज जाई, सरकारी अधिकारी तो तपासून मंजूर वा नामंजूर करी, आणि चूक झालीच तर निदान परवान्याचा कागद हाती असे. आता तोच निर्णय कारखान्यातील माणसाने स्वतः घ्यावयाचा आहे. घेणारी संस्था ब्रिटन वा ऑस्ट्रेलियाच्या अधिकृत वापरकर्त्यांत नोंदलेली आहे काय, हे त्याने आधी पाहावे. मित्रदेशातली कंपनी आहे, नाव मोठे आहे, एवढ्यावर भागत नाही. माल तीन देशांच्या प्रत्यक्ष भूमीवरच राहणार आहे काय, हे विचारावे. वगळलेल्या तंत्रज्ञानाची यादी उघडून त्यात आपला भाग नाही, याची खात्री करावी. क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेतील वस्तू, अण्वस्त्रे व विषारी रासायनिक द्रव्ये यांच्या बाबतीत जुना नाका उभाच आहे. अशा वस्तूंसाठी अर्ज करावाच लागतो. फार तर निकालाची मुदत ठरवून दिली आहे, सरकारी व्यवहारास 30 दिवस आणि इतरांस 45 दिवस. आणि या सर्व तपासणीची नोंद 5 वर्षे जपून ठेवावी. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वकिलांचा ताफा असतो. 20 कामगारांच्या वर्कशॉपमध्ये हे काम बहुधा हिशेबनीसाच्याच गळ्यात पडते, आणि चुकीचा दंड त्यालाही तोच.

ऑस्ट्रेलियाने या सवलतीची जी किंमत मोजली, तिच्याकडे भारतीयांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. नव्या कायद्यानुसार देशांतर्गतसुद्धा नियंत्रित तंत्रज्ञान परदेशी व्यक्तीस परवान्याविना देणे हा गुन्हा ठरला असून त्यास 10 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. 1 मार्च 2025 पासून त्या तरतुदींची अंमलबजावणी सुरू झाली. ब्रिटन-अमेरिकेच्या नागरिकांस यातून सूट आहे, आणखी 25 देशांची वेगळी यादी आहे. त्या यादीत भारत नाही. मूलभूत संशोधन यातून वगळले आहे. तरीही तेथे शिकणाऱ्या किंवा नोकरीस असलेल्या, स्थायी निवासाचा हक्क न मिळालेल्या आपल्याकडील तरुणास एखाद्या प्रकल्पाच्या फायली पाहण्यास मज्जाव झाला, तर तो वैयक्तिक अविश्वास न समजता, संस्थेने परवाना मागितला आहे काय, हे त्याने विचारावे.

भारताची स्थिती या त्रिकुटाबाहेरची आहे. 2018 साली अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने भारतास सामरिक व्यापार सवलतीच्या पहिल्या श्रेणीत घेतले. परंतु ती सवलत मुख्यतः दुहेरी उपयोगाच्या वस्तूंपुरती असून आयटारची सूची तिच्या कक्षेत येत नाही. आपल्या शासनानेही 2019 मध्ये संरक्षण-सामग्रीच्या ठराविक सुट्या भागांसाठी खुला निर्यात परवाना मंजूर केला आणि त्यात अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जपान आदी देश घेतले. बाकीच्या युद्धसामग्रीस ‘स्कोमेट’ सूचीखाली पूर्वपरवानगी लागतेच.

हैदराबादेत अपाची हेलिकॉप्टरचे सांगाडे होतात, बेळगावजवळ हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग घडविले जातात. अशा कामांच्या आसपास लहान वर्कशॉपे उभी राहतात आणि एका कारखान्याचे काम दुसऱ्याकडे सोपविण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे. लष्करी कामाचे ड्रॉइंग परदेशी परवान्याखाली आलेले असेल, तर त्या परवान्यातील अटी ड्रॉइंगबरोबरच येतात. शेजारच्या वर्कशॉपला एक जॉब देण्यासाठी ते ड्रॉइंग दाखविण्यापूर्वी, ऑर्डर देणाऱ्या कंपनीकडून तशी मुभा आहे की नाही, याचे लेखी उत्तर घेऊन ते ऑर्डरच्या फायलीला लावून ठेवावे.