कागदांच्या मागे एक लेकरू आहे

(धुळे येथील मंडळीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत मंडळ्यांना भेटी देताना मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो. "ताई, परदेशात आमच्या ओळखीचे एक विश्वासी जोडपे आहे. त्यांना मूल नाही. आपल्या पाड्यांवर एवढी गरीब लेकरे आहेत. मग एखादे त्यांना द्यायला इतकी वर्षे आणि इतके कागद कशाला?" प्रश्न प्रेमापोटी येतो, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे.

पहिली गोष्ट, गरीब मूल म्हणजे अनाथ मूल नव्हे. दिवाळीनंतर सातपुड्याच्या पायथ्याची कितीतरी भिल्ल आणि पावरा कुटुंबे ऊसतोडीला जातात, कोणी गुजरातेत, कोणी घाटावर. मूल आजीजवळ किंवा वसतिगृहात राहते. आईबाप पाच-सहा महिने दिसत नाहीत. बाहेरच्या माणसाला ते मूल सोडून दिलेले वाटते, पण त्याची आई उसाच्या फडात त्याचेच नाव घेत असते.

दुसरी गोष्ट, हे नियम कोणाच्या हट्टातून आलेले नाहीत. परदेशी दत्तकाच्या नावाखाली गैरप्रकार होतात, असे पत्र लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि १९८४ साली नियम घालून दिले. पुढे १९९३ चा हेग करार झाला. भारताने तो २००३ मध्ये मान्य केला. आज २०१५ चा बाल न्याय अधिनियम लागू आहे, आणि सगळा कारभार केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे 'कारा', पाहते.

आता वाट कशी आहे ते ऐका. परदेशी जोडप्याची घरचौकशी त्यांच्याच देशातली मान्यताप्राप्त संस्था करते. इकडे सापडलेल्या मुलाच्या आईबापांचा शोध घेतला जातो, वर्तमानपत्रात सूचना दिली जाते. मूल दत्तकासाठी मोकळे आहे हे ठरवण्याचा अधिकार फक्त बाल कल्याण समितीला आहे. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी त्याला दोन महिने आणि मोठ्यासाठी चार महिने अशी मुदत आहे. आईबापांनी स्वतः मूल सोपवले, तर फेरविचारासाठी त्यांना ६० दिवस मिळतात. देशातल्या पालकांना आधी संधी असते. मग काराचे ना-हरकत प्रमाणपत्र, दत्तकाचा आदेश, पासपोर्ट. मूल गेल्यावरही दोन वर्षे त्याचे अहवाल येत राहतात.

त्या ६० दिवसांचे मोल मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या भागातल्या एका विधवेने आपली तान्ही मुलगी सोपवली होती. मुकादमाची उचल अंगावर होती, घरात दाणा नव्हता. एका दयाळू माणसाने तिला सांगितले होते की मुलगी थेट आमच्या हाती दे, आम्ही चांगल्या घरी पोहोचवू. ती समितीपुढे आली हे बरे झाले. दीड महिना उलटल्यावर ती भावाला घेऊन परत आली आणि मुलगी मागून घेतली. आज ती मुलगी अंगणवाडीत जाते. थेट हाती दिली असती, तर ती आई कोणत्या दारात जाऊन रडली असती?

पण वाट पाहण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एका संस्थेत मी भाऊबहीण पाहिले. दोघांना एकत्र घेणारे घर देशात मिळाले नाही, परदेशी पालक ठरले. फोटोंचा अल्बम आला. मग एकेका कागदासाठी महिने गेले. थोरला आठ वर्षांचा. तो रोज विचारायचा, "आज पत्र आले का?" मोठ्यांना महिना लहान वाटतो, पण त्या वयात महिना फार लांब असतो. म्हणून नियम पाळायचेच, पण आपल्या टेबलावर फाइल एक दिवसही उगाच पडू द्यायची नाही.

आपल्यासाठी या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा ख्रिस्ती लोकांना लागू नव्हता, अनुसूचित जमातींनाही नव्हता. आपल्या आधीच्या पिढीतल्या ख्रिस्ती जोडप्यांना १८९० च्या कायद्याखाली मुलाचे केवळ पालक नेमले जाई, कायद्याने आईबाप होता येत नसे. बाल न्याय अधिनियमाने हे दार सर्वांना उघडले. मग आपण परदेशातल्या जोडप्याचीच वाट का पाहावी? निपुत्रिक जोडपी आपल्याही मंडळ्यांत आहेत.

माझ्या तीन विनंत्या आहेत. कोणाच्याही मध्यस्थीने मूल हातोहात देऊ-घेऊ नका. तो गुन्हा आहे, आणि पैसे घेतले तर मुलाची विक्री आहे. एकटे मूल दिसले तर १०९८ वर कळवा. आणि वर्गणी देताना लक्षात ठेवा की पाड्यावरच्या आईला चार महिन्यांचे धान्य आणि उचलीतून सुटका मिळाली, तर पुष्कळ मुलांना दुसरे घर शोधावेच लागणार नाही. ज्यांना खरोखर कोणी नाही, त्यांच्यासाठी कागद पूर्ण करू, प्रार्थना करू आणि धीराने वाट पाहू.

देव आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.