जनावरांच्या वाहनाचा तळ : खरेदीपूर्वीची दक्षता

(कल्याण येथे घोडेमालक, बैलमालक व टेम्पोचालक यांच्यासमोर केलेले भाषण)



ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही शहरे आता गजबजून गेली असली, तरी वरातीच्या घोड्यावर आणि शर्यतीच्या बैलावर जीव लावणारी माणसे या परिसरात आजही आहेत. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथील यात्रेत बैलांचा बाजार भरतो. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. तेथे घेतलेले जनावर धुळे, नाशिक करीत कसाऱ्याचा घाट उतरून आपल्याकडे येते. परदेशांत घोड्यासाठी मोटारीमागे जोडावयाची खास गाडी असते. आपल्याकडे हे काम बहुधा जुन्या बाजारात घेतलेला टेम्पो करतो. असा टेम्पो घेताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर पाहतो, कागदपत्रे चाळतो. जनावराचा सारा भार ज्यावर पडतो, तो हौद्याचा तळ मात्र पाहावयाचा राहून जातो.

चारशे किलो वजनाचा घोडा स्वस्थ उभा असताना त्याचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या दोन पायांवर असतो. घाटात ब्रेक लागला की तो आणखी पुढे सरकतो आणि क्षणभर एकाच खुराखाली एकवटतो. फळी कुजलेली असेल, तर ती याच क्षणी मोडते. पाय तळातून खाली गेला, तर जनावर बहुधा कायमचे निकामी होते आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या घराचे उत्पन्नही थांबते.

तळ कुजतो कशाने? आपल्या जिल्ह्यात पावसाळा जोराचा, खाडीकाठची हवा दमट व खारट. त्यात जनावरांचे मूत्र फटींतून खाली झिरपते. वर रबरी चटई अंथरलेली असली, तर त्याखाली वारा लागत नाही. लाकडात बुरशी धरते आणि लोखंड गंजते. वरून तळ धडधाकट दिसतो, कारण बिघाड खालून आणि कडेने सुरू होतो.

म्हणून पाहणीचा क्रम असा ठेवावा. वाहन दिवसाउजेडी आणि कोरडे असताना पाहावे. प्रथम चटई पूर्णपणे उचलावयास लावावी. विक्रेता त्यास तयार नसेल, तर सौदा तेथेच थांबवावा. नंतर पेचकसाचे टोक फळीत दाबून पाहावे. फळीची टोके, बोल्टांभोवतीची जागा, फाळक्यालगतचा भाग आणि दोन्ही कडा येथे विशेष लक्ष द्यावे, कारण फळीच्या कापलेल्या टोकातून पाणी अधिक शोषले जाते. टोक सहज रुतले, तर लाकूड गेले असे समजावे. हातोडीने ठोकले असता निकोप फळी खणखणीत वाजते, कुजलेली बद्द आवाज देते. तळ पत्र्याचा असेल, तर गंजाचे पापुद्रे खरवडून काढावेत आणि खाली पुरेसा पत्रा उरला आहे की नाही, हे पाहावे.

यानंतर वाहनाखाली जाऊन पाहणे आवश्यक आहे. फळ्यांना आधार देणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्या व त्यांचे चासीशी असलेले जोड बारकाईने तपासावेत. नुकताच फासलेला रंग वा डांबर आणि वेल्डिंगची ठिगळे दिसल्यास त्यांचे कारण विचारावे. फळ्या बदलता येतात. तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. आधाराच्या पट्ट्याच गंजून पातळ झाल्या असतील, तर अशा वाहनाच्या मोहात न पडणेच हिताचे होय.

तळ मजबूत असला, तरी तो निसरडा असून चालत नाही. प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांनुसार साध्या मालवाहू गाडीतून गुरे नेताना तळावर काथ्याची चटई अथवा लाकडी फळ्या असे न घसरणारे साहित्य असणे आणि एका गाडीत सहापेक्षा अधिक गुरे न भरणे बंधनकारक आहे. २०१५ मध्ये मोटार वाहन नियमांत झालेल्या सुधारणेने घोड्यामागे २.२५ चौरस मीटर, तर गायी-म्हशीमागे २ चौरस मीटर जागेचा कप्पा ठरवून दिला आहे. वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र अवश्य पाहावे. परंतु ते ज्या दिवशी मिळाले, त्यानंतर एखादा पावसाळा होऊन गेला असेल, हेही ध्यानात ठेवावे.

खरेदीनंतरही ही दक्षता सोडू नये. प्रत्येक खेपेनंतर चटई काढून तळ धुवावा व पूर्ण वाळू द्यावा. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर खालून पाहणी करावी.

शेवटी एकच विनंती. फाळक्यावर पहिले पाऊल टाकताना घोडा अडला, तर लगेच चाबूक उगारू नका. पायाखालची पोकळी त्याला आपल्याआधी कळते. तो का अडला, हे पाहण्यासाठी आधी स्वतः वाकून तळाकडे पाहा.