अंतर कोणाचें?



अमुक गांव तमुक गांवापासून किती लांब, असें कोणीं विचारलें कीं आपण सहज एक आंकडा सांगून मोकळे होतों. वस्तुतः या प्रश्नाला एकच उत्तर नसतें. मुंबईंतील शिवडी आणि खाडीपलीकडचें, उरण तालुक्यांतील जासई, हीं दोन ठिकाणें घेऊन हें पडताळून पाहूं.

प्रथम नकाशा पुढें घ्या. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारें 111 किलोमीटर. आपल्या 19 अक्षांशाच्या आसपास पूर्व-पश्चिम एक अंश म्हणजे सुमारें 105. या मापानें हिशेब केला तर शिवडी ते जासई हें अंतर 20 किलोमीटरांच्या आंतच भरतें. हें झालें पक्ष्याचें अंतर. हिवाळ्यांत शिवडीच्या चिखलावर उतरणारे रोहित पक्षी भरतीचें पाणी चढूं लागलें कीं पंख पसरून निघतात. खाडी त्यांना आडवी येत नाहीं.

माणसाला मात्र ती येते. 1973 सालीं वाशीचा खाडीपूल होईपर्यंत मुंबईहून इकडे मोटारीनें यावयाचें म्हणजे ठाणें, मुंब्रा, पनवेल असा मोठा वळसा पडे. पूल झाला तरी वाशी-बेलापूरकडून येणारी वाट सरळ रेषेच्या जवळजवळ दुप्पट राहिलीच. जलमार्ग भाऊच्या धक्क्यापासून मोरा बंदरापर्यंत; परंतु मोऱ्यास गाळ सांचत असल्यानें तेथें घड्याळाबरोबर ओहोटीहि पाहावी लागते.

12 जानेवारी 2024 रोजीं अटल सेतूचें उद्घाटन झालें. शिवडीपासून जासईच्या शेजारच्या चिर्ल्यापर्यंत त्याची लांबी 21.8 किलोमीटर, पैकीं सुमारें 16.5 किलोमीटर समुद्रावर. पक्ष्याची वाट आणि माणसाची वाट इतक्या जवळ क्वचितच येतात. तथापि त्या पुलावर दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे. आणि मोटारीला एका खेपेचा पथकर उद्घाटनाच्या वेळीं 250 रुपये ठरला. तेव्हां एकाच गांवांतील दोन शेजारी एकाच सकाळीं मुंबईस निघाले, तर मोटारवाल्याला मुंबई जवळ, मोटारसायकलवाल्याला पूर्वींइतकीच दूर.

ही गोष्ट जासईला विशेष लागते. खाडीपलीकडे नवें शहर वसविण्यासाठीं 1970 सालीं सिडकोची स्थापना झाली आणि या भागांतील शेतकऱ्यांच्या जमिनी संपादनाखालीं आल्या. योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं आंदोलन झालें, दि. बा. याच जासईचे. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजीं जासईच्या परिसरांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच आंदोलक मृत्युमुखीं पडले. त्या लढ्यांतून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यास परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. महानगर आपल्या दाराशीं यावें म्हणून ज्यांनीं शेतें सोडलीं, त्यांच्यापैकीं ज्याच्याकडे मोटार नाहीं त्यालाहि तें जवळ आलें पाहिजे.

हें अशक्य नाहीं. बसगाडीला सेतूवर मनाई नाहीं. सामान्य माणसाला परवडेल अशा भाड्यांत, कामाच्या वेळा सांभाळून, पुरेशा गाड्या खाडी ओलांडूं लागल्या, तर हा पूल साऱ्या गांवाचा होईल. तोंवर अंतराचा आंकडा कोणीं सांगितला, तर तो कोणाच्या वाटेचा, एवढें आपण अवश्य विचारावें.