सुईने शिंका थांबतात का?



पावसाळा ओसरू लागला की नाशिकमधल्या कितीतरी घरांत सकाळ शिंकांनी उजाडते. एक शिंक आली की पाठोपाठ दहा-बारा. नाकातून पाणी, डोळ्यांना खाज, डोकं जड. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘गोळ्या किती दिवस घेणार? सुया टोचून घ्या. अमक्याची अ‍ॅलर्जी मुळापासून गेली.’ या ‘मुळापासून’मध्ये किती तथ्य आहे, ते आज पाहू.

अ‍ॅलर्जी म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेचा गैरसमज. परागकण किंवा धूळ खरं तर निरुपद्रवी. पण काहींचं शरीर तिला शत्रू समजतं आणि तिच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिद्रव्यं तयार करून ठेवतं. पुढच्या वेळी तोच कण नाकात शिरला की तिथल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. त्यानेच शिंका येतात, पाणी वाहतं, खाज सुटते. आपण घेतो त्या गोळ्या हिस्टामिनचा परिणाम रोखतात.

आपल्या भागात कारणांना तोटा नाही. रस्त्याकडेला, पडीक जमिनीवर पांढरी फुलं मिरवणारं गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेत आलं आणि पुढे देशभर पसरलं. त्याच्या परागांमुळे नाकाची, तर स्पर्शामुळे त्वचेची अ‍ॅलर्जी होते. गाद्या-उशांत डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे असतात, ओलीने भिंतींवर बुरशी धरते. लासलगाव, निफाडकडे कांदाचाळीत काम करणाऱ्यांच्या नाकात टरफलांची धूळ आणि कांद्यावरची काळी बुरशी जाते. द्राक्षबागेत भुरीसाठी गंधकाची धुरळणी करताना डोळे झोंबतात, खोकला येतो. पण ती बहुधा अ‍ॅलर्जी नसते, तो गंधकाचा थेट दाह असतो. तिथे सुई नको. तोंडावर योग्य मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवा. म्हणून त्रास नेमका कशाचा, हा पहिला प्रश्न.

आता सुयांकडे वळू. अ‍ॅक्युपंक्चर ही चीनची जुनी उपचारपद्धती. महाराष्ट्राला चीन आणि वैद्यक म्हटलं की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. १९४२ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. कोटणीस शल्यविशारद होते, जखमींवर शस्त्रक्रिया करत होते. अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणण्याचं श्रेय दिलं जातं ते त्याच पथकातले त्यांचे सहकारी, कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू यांना. ते पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी कोलकात्यात तिचा वापर सुरू केला.

परंपरा सांगते, शरीरात ‘ची’ नावाची ऊर्जा वाहते आणि सुयांनी तिचा अडथळा दूर होतो. आधुनिक शरीरशास्त्राला अशा वाहिन्या सापडलेल्या नाहीत. सुई टोचल्याने मज्जातंतूंना चेतना मिळते, एवढं निश्चित. तेव्हा विचारायचं ते हे की रुग्णाला बरं वाटतं का, आणि किती?

याचं एक चांगलं उत्तर जर्मनीतून आलं. परागकणांमुळे नाक वाहणाऱ्या ४२२ रुग्णांवरचा हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांचे तीन गट होते. एका गटाला आठ आठवड्यांत बारा वेळा खरं अ‍ॅक्युपंक्चर दिलं, दुसऱ्याला तितक्याच वेळा, पण मुद्दाम भलत्याच जागी वरवर सुया टोचल्या. तिसऱ्या गटाला सुया नव्हत्या. गरज पडेल तेव्हा घेण्यासाठी अ‍ॅलर्जीची गोळी मात्र तिन्ही गटांना होती. आठ आठवड्यांनी खऱ्या सुयांच्या गटाचा त्रास इतरांपेक्षा कमी झाला, गोळ्याही कमी लागल्या. मात्र फरक माफक होता आणि सोळाव्या आठवड्यात तो उरला नव्हता.

यातून दोन गोष्टी कळतात. सुईचा उपयोग म्हणजे निव्वळ थाप नव्हे. आणि अ‍ॅलर्जी मुळापासून गेली, हेही खरं नव्हे. २०१५ साली अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत नाकात मारायच्या स्टेरॉइड फवाऱ्याची ठाम शिफारस आहे. औषधं नको असणाऱ्यांना अ‍ॅक्युपंक्चरचा पर्याय देता येईल, असंही म्हटलं आहे. पहिली बाजू औषधाची, सुई जोडीला.

गोळीने झोप येते म्हणून ट्रॅक्टर किंवा गाडी चालवणं अवघड होतं, फवाऱ्याने नाकातून रक्त येतं, अशी ज्यांची अडचण आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलून सुयांचा विचार जरूर करावा. साधारण वीस-तीस मिनिटांची एक बैठक असते. केसासारख्या बारीक सुया नाकपुड्यांच्या बाजूला, भुवयांच्या मधोमध, अंगठा व तर्जनीमधल्या मांसल भागात, कोपराच्या घडीच्या टोकाशी अशा ठिकाणी टोचतात. किंचित टोचल्यासारखं, जड झाल्यासारखं वाटतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. दमा असेल तर सुया सुरू केल्या म्हणून पंप बंद करू नका. दम्यावर अ‍ॅक्युपंक्चर उपयोगी पडतं, असं म्हणण्याइतका पुरावा नाही. रोज घ्यायचा पंप श्वासनलिकांची सूज आटोक्यात ठेवतो. बरं वाटतं म्हणून तो सोडला की सूज आतल्या आत वाढते आणि एखाद्या रात्री जीवावर बेतू शकतं. मधमाशी चावल्यावर किंवा एखादा पदार्थ खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, श्वास कोंडला, चक्कर आली, तर तो सुईचा विषय नाही. तिथे अ‍ॅड्रेनलीनचं इंजेक्शन लागतं. १०८ ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा.

सुया टोचणारी व्यक्ती प्रशिक्षित आहे ना, हे विचारायला संकोच कसला? महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र कायदा झालेला आहे. तेव्हा नोंदणी आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. सुया एकदाच वापरायच्या, बंद पाकिटातल्या आणि तुमच्यासमोर फोडलेल्या हव्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दिवस गेलेले असतील किंवा हृदयात पेसमेकर असेल, तर आधी सांगा. छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. असं क्वचित घडतं, पण घडतं. हातात बाटली धरायला लावून, स्नायूंची ताकद दाबून अ‍ॅलर्जी ओळखतो असं कुणी म्हणालं, तर त्याला शास्त्रीय आधार नाही, हे लक्षात ठेवा.

एक वही करा. रोज रात्री शिंका, वाहणारं नाक, डोळ्यांची खाज आणि झोप यांना शून्य ते तीन गुण द्या. शून्य म्हणजे काही त्रास नाही, तीन म्हणजे फार त्रास. किती गोळ्या घेतल्या तेही लिहा. सुया सुरू करण्याआधी दोन आठवडे आणि नंतरही लिहीत राहा. सहा-आठ बैठकांनंतर आकडे उतरले नाहीत, तर पुढचे पैसे वाचवा. उतरले, तर चांगलंच आहे. पण ऋतू बदलल्यानेही ते उतरतात, हे ध्यानात असू द्या. जोडीला उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, केर काढताना नाकाला ओला रुमाल बांधा आणि अंगणातलं गाजर गवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटा.

सुईला तिच्या ताकदीएवढंच काम सांगितलं, तर ती उपयोगाची आहे.